डेंब्नोचं लाकडी चर्च: मान वर करून बघा

पोलंडमध्ये क्राकुवहून झाकोपानेला जाणारे बहुतेक जण वाटेतल्या नोवी टार्ग शहरात न थांबता पुढे जातात. माझं ऐका, अर्धा दिवस काढून इथे उतरा. इथून पूर्वेला, श्चाव्हनीत्साच्या रस्त्यावर पंधराएक किलोमीटरवर डेंब्नो हे छोटं गाव आहे. तिथलं संत मायकेलचं चर्च १५व्या शतकाच्या अखेरीचं, पूर्ण लाकडी. २००३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, आणि गावाची प्रार्थना आजही तिथेच होते.

आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. लार्च या सूचिपर्णी झाडाचे जाड ओंडके कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत. सांध्यांना खिळे नाहीत, लाकडी खुंट्या आहेत. पश्चिमेचा मनोरा नंतरचा, १६०१चा. भिंतींना लागून उतरत्या छपराची पडवी आहे. रविवारच्या प्रार्थनेसाठी दूरच्या वाड्यांवरून आदल्या दिवशीच आलेली माणसं अशा पडव्यांत आसरा घेत.

आता छप्पर. लोक बसतात तो भाग रुंद आहे, वेदीचा भाग अरुंद. तरीही दोन्हींवर आढं एकच, सलग. सुतारांनी छपराचा सांगाडा अरुंद भागाच्या मापाने बेतला आणि रुंद भागात दोन्ही बाजूंना भिंतींच्या माथ्याशी लाकडी पेटीसारखे भाग आत काढून मधलं अंतर कमी केलं. आत उभं राहून वरच्या कोपऱ्यांकडे पाहिलं की ही युक्ती उलगडते. दक्षिण पोलंडमधल्या त्या काळच्या चर्चांची ही खास पद्धत आहे, आणि मला तरी रंगकामाइतकीच ती थक्क करणारी वाटली.

रंगकाम साधारण १५००च्या सुमाराचं. छत, भिंती, सज्जा, सगळीकडे नक्षी. हे हाताने रेखलेलं नाही. रांगोळीच्या छाप्यांसारखे कापलेले साचे लाकडावर ठेवून रंग भरलाय. ७७ आकृतिबंध आणि त्यांच्या ३३ रंगसंगती मोजल्या गेल्या आहेत. पानं-फुलं, गॉथिक खिडक्यांची जाळी आणि मधूनच शिकारीचं दृश्य. ड्रॅगनशी लढणारा संत जॉर्जही सापडतो, शोधा. वेदीसमोरच्या आडव्या तुळईवरचा क्रूस १३८०च्या आसपासचा, म्हणजे चर्चहूनही जुना. वेदीवरच्या घंटेऐवजी वाजवत ते १५व्या शतकातलं छोटं वाद्यही चुकवू नका.

फोटो आत काढू देत नाहीत, त्यामुळे डोळ्यांनीच नीट पाहून घ्यावं लागतं. प्रकाश कमी असतो. डोळे सरावायला वेळ द्या, लगेच बाहेर पडू नका. आम्हाला माहिती पोलिशमध्येच ऐकायला मिळाली, म्हणून आधी थोडं वाचून जा. दर्शनाचे वार आणि तास ठरलेले आहेत, रविवारी प्रार्थना असते. निघण्यापूर्वी वेळा तपासाच. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, दानपेटीसाठी सुटे झ्लॉटी (पोलंडचं चलन) ठेवा.

क्राकुवहून नोवी टार्गपर्यंत बस भरपूर, पुढे श्चाव्हनीत्साची बस डेंब्नोवरून जाते. परतीची वेळ मात्र उतरतानाच पाहून ठेवा. गाडी असेल तर तिथून चोर्श्टिनच्या तलावाकाठी न्येजीत्साचा किल्ला गाठा. लाकडी चर्चांचीच ओढ लागली, तर हाचुव, ब्लिझ्ने, बिनारोवा, सेंकोवा आणि लिप्नित्सा मुरोवाना ही जागतिक वारसा यादीत डेंब्नोसोबतच नोंदलेली बाकीची पाच. ती पूर्वेकडे विखुरलेली आहेत. एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका, त्यांच्यासाठी वेगळा मुक्काम ठेवा.