पणजोबांची नोंद: परळ ते गाव, व्हाया तहसील

गिरणीत कामाला आलेल्या कोकणी माणसाचे कागद मुंबईत थोडे, गावाकडे जास्त. म्हणून पणजोबांचा शोध मी घरातल्या सगळ्यात जुन्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सुरू केला. पण दाखल्यावर थांबू नये, शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मागावं. दाखला लिहिताना गाळलेलं बरंच काही तिथे असतं.

रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना आधी बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे परळच्या बिऱ्हाडातल्या थोरल्याचा जन्म महापालिकेत सापडतच नाही. तो आजोळच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, गाव नमुना 14 मध्ये. हे बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. अर्जात अंदाजे साल देऊन मागची-पुढची पाच वर्षं मागावीत. एकाच तारखेवर अर्ज केला की ‘नोंद आढळून येत नाही’ हा शेरा ठरलेला. बाळाचं नाव बहुधा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. मृत्यूची नोंद मात्र माणूस जिथे गेला तिथल्या वॉर्डात होते: केईएममध्ये गेला तर एफ साउथ, घर कुठेही असो. आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली, त्याआधीच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरीच.

खरी खाण म्हणजे फेरफार, जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदी, नमुना 6. जुन्या सातबारावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे नंबर. एकेक धरून मागे जायचं. ‘मयत अमुक, वारस...’ अशा एका नोंदीत विधवा आणि सगळे मुलगे एकदम हाती लागतात. नावापुढे ‘अ.पा.क. आई सखू’ असेल तर तो मुलगा त्या साली अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता, आई पालनकर्ती; जन्मसालाचा अंदाज तिथेच बांधता येतो. उलट ‘ए.कु.मॅ.’ दिसलं की सावध व्हावं. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकाच भावाचं नाव लागतं, बाकीचे कागदावरून गायब. मुंबईला गेलेला बहुधा या गायब भावांतलाच! गाव खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताकडे असेल तर 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याआधी आपला माणूस मालकाच्या नव्हे, कुळाच्या रकान्यात शोधायचा.

त्याही मागे गेलात की कागद मोडी लिपीत. आडनाव नसतं, ‘रामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा, ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको. शकात 78 मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79. मोडी वाचणाऱ्याला एकाच ओळीचा फोटो पाठवू नये, अख्खं पान पाठवावं. लिहिणाऱ्याच्या हाताची अक्षरं ओळखीच्या शब्दांवरूनच लागतात. इनाम-सनदेचं घराणं असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार गाठावं. साध्या शेतकरी घराला तिथे फारसं काही मिळत नाही, असं माझं मत.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे मात्र जरूर जावं, पण गाव पक्कं झाल्यावरच. कुठल्या घराचे उपाध्याय कोण, हे गाव, जात, आडनाव यांवरून ठरतं. त्यांच्या वहीत, म्हणजे नामावळीत, यात्रेला आलेल्याने सांगितलेली भाऊ, मुलगे, चुलते यांची नावं असतात. ए.कु.मॅ.आड झाकलेले भाऊ तिथे सुटे सापडण्याची शक्यता चांगली असते.