तुम्ही विचारलंत म्हणून: माऊस का धरत नाही?

चतुर्थीला फोंड्याच्या घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "माऊस असताना टॅब, टॅब काय करत बसता?" माझा हात थरथरतो, तुम्हाला माहीत आहे. बाण बटणापर्यंत नेता येतो, पण दाबताना घसरतो आणि भलतंच उघडतं. कीबोर्डवरच्या टॅब कळीनं पुढे, शिफ्ट-टॅबनं मागे, लिंकवर एंटर, बटणावर स्पेस. यात हात थरथरला तरी बिघडत नाही.

मग अडतं कुठे? भाचीचा प्रवेशअर्ज भरत होतो, तिच्याच मॅकवर, सफारी ब्राउझरमध्ये. शेवटची तारीख होती. सफारीचा टॅब मुळात लिंका गाळून पुढे जातो, त्यामुळे 'अटी वाचा' कधी लागेचना. ऑप्शन-टॅब केल्यावर लागली. पण 'अर्ज पाठवा' काही केल्या लागेना. दिसायला हिरवं बटण, आतून नुसता डिव्ह, म्हणजे पानावरचा साधा डबा, खरं बटण नव्हे, माऊसच्या क्लिकपुरता जोडलेला. तिथे टॅब थांबणार कसा? भरीला फोकसची चौकटही काढून टाकलेली, म्हणजे आपण पानावर कुठे आहोत तेही कळेना. पुन्हा वरून खाली गेलो. तेवढ्यात सेशन संपलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. दुसऱ्यांदा भरल्यावर भावोजी मागून वाकले, क्लिक केलं आणि म्हणाले, "एका क्लिकचं तर काम!" भाची समोरच बसली होती. मी काही बोललो नाही.

मदत मागायला लाज वाटते का? हो, वाटते. पण तिथे मदत लागायलाच नको होती. डिव्हच्या जागी साधा बटण टॅग घातला असता तर टॅब, एंटर, स्पेस सगळं आपसूक चाललं असतं. कीबोर्डनं सगळं करता यावं ही डब्ल्यूसीएजीची, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, सगळ्यात खालच्या, 'ए' पातळीची अट आहे. आपल्याकडे दिव्यांगांचा कायदाही 2016चा आहे.

सेटिंग बदला म्हणता? बदललंय. सफारीत अॅडव्हान्स्डमध्ये एक खूण करावी लागते. मॅकवरच्या जुन्या फायरफॉक्ससाठी सिस्टीममधलं 'कीबोर्ड नॅव्हिगेशन' पाहावं लागायचं. क्रोम न सांगता लिंकांवर थांबतो. पूर्वी मी तावातावानं म्हणायचो, सगळ्यांनी क्रोमसारखंच वागावं. आता बातम्यांच्या पानावर मेनूतली एकेक लिंक ओलांडताना बोटं दुखतात, तेव्हा सफारीचं पटतं. अर्ज भरायला बसलो की पुन्हा पटत नाही.