लोरेम इप्सम सोडा, 'तुर्भे' लिहून बघा

मी राहते नौपाड्यात आणि फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइट-ॲपच्या दिसणाऱ्या भागाचं, काम करते ऐरोलीत. त्यामुळे माझ्या टेस्ट डेटात ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं असतात: घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. यातलं तुर्भे सगळ्यात लाडकं. खाली उकार, वर मात्रा आणि त्या मात्रेला खेटून रफार. ज्या बटणात तुर्भे नीट बसतं, त्यात मराठीतलं जवळजवळ काहीही बसतं. लोरेम इप्समला, म्हणजे डिझाइनमध्ये नमुन्यादाखल भरतात त्या लॅटिन मजकुराला, यातलं काहीच नाही, म्हणून त्यावर बेतलेलं डिझाइन दिसतं छान आणि मराठी भरली की उकार छाटले जातात.

बटण, टॅब, कार्ड, कशालाच ठरावीक हाइट देऊ नका. मिन-हाइट (किमान उंची) आणि वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या, डबा मजकुरामागे वाढू दे. इंग्रजीला १.४ लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या पटीत) पुरते, मराठी परिच्छेदाला मी १.६ च्या खाली जात नाही. तीही युनिटशिवाय, पिक्सेलमध्ये बांधली तर कोणी अक्षर मोठं केलं की ओळी एकमेकींवर चढतात. खरी कटकट लाइन-क्लॅम्पची, म्हणजे मजकूर ठरावीक ओळींवर कापण्याची. दोन ओळींनंतर तीन टिंबं हवी असतील तर ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेरचं लपवणं) लागतंच, आणि मग दुसऱ्या ओळीचे उकार अर्धे गायब. खाली पॅडिंग देऊन भागत नाही, कारण त्या फटीतून तिसऱ्या ओळीच्या शिरोरेखा डोकावतात. तिथे लाइन-हाइटच वाढवावी लागते. मोबाइल ॲप बनवायच्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये अँड्रॉइडवर उलटी तऱ्हा: लाइन-हाइट कमी पडली की वरचा रफार जातो.

पानाच्या मूळ टॅगवर लँग 'एमआर' (भाषा मराठी) लिहा. आळसाने तिथे 'ईएन' (इंग्रजी)च राहतं. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, तो ते या खुणेवरून निवडतो. स्क्रीन रीडरला कोणत्या भाषेत वाचायचं हेही तिथूनच कळतं. शिवाय सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) या भाषेपुरता वेगळा नियम लिहिता येतो. मी पहिला नियम लिहिते तो लेटर-स्पेसिंग शून्य करण्याचा. डिझाइन सिस्टिमवाल्यांना मथळ्यांची अक्षरं विरळ करायची फार हौस असते, आणि आपली शिरोरेखा तिथेच तुटते.

आता आकडे. आमच्या सोसायटीचं छोटं ॲप मीच सांभाळते. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. ते रक्कम टाइप करत नाहीत, व्हॉट्सॲपवरून उचलून डकवतात: '२,५००'. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या लेखी हा आकडाच नाही. नंबर फंक्शन सरळ 'एनएएन' (नॉट अ नंबर) देतं, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला) डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. म्हणून रकमेचा इनपुट टाइप टेक्स्ट ठेवायचा, इनपुटमोड न्यूमेरिक द्यायचा म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. मग स्वल्पविराम काढून ० ते ९ मधल्या प्रत्येक चिन्हाच्या कॅरकोडमधून (युनिकोड क्रमांकातून) २४०६ वजा करायचे. एका ओळीचं काम.

दाखवताना जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' हा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की मराठी आकडे आणि लाखाचे स्वल्पविराम दोन्ही मिळतात: १,२५,०००. हिंदीला तसंच दिलं तर आकडे इंग्रजी येतात, तेव्हा एकाची नक्कल दुसऱ्यावर मारू नका. काकांचं म्हणणं वेगळंच होतं: "अगं, पावतीवरची रक्कम मराठीतच हवी, पण चेक नंबरला हात लावू नकोस, तो बँकेत जुळवायचा असतो." बरोबर आहे. चेक नंबर, फोन नंबर, ओटीपी ही रक्कम नव्हे. त्यांना स्ट्रिंगच राहू द्यावं, फॉरमॅटरमध्ये घालूच नये. रक्कम मराठी शब्दांच्या मध्येही इंग्रजी आकड्यांत हवी असेल तर लोकेलला 'यू-एनयू-लॅटन' हे शेपूट जोडायचं.

मॅक्सलेंग्थबद्दल (इनपुटमधल्या अक्षरांच्या मर्यादेबद्दल) थोडक्यात: 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट दहा मोजतं. 'इतकी अक्षरं उरली' असा काउंटर दाखवायचा असेल तर दिसणारी अक्षरं मोजायला इंटल सेगमेंटर वापरा. नवे ब्राउझर चार सांगतील. जुने जोडाक्षर हलन्तापाशी तोडून सहा सांगतात. डेटाबेसची मर्यादा मात्र ऐसपैसच ठेवा.

ॲपमधल्या नोटिशींतला शोध हा सगळ्यात चिवट प्रकार. 'पायऱ्या' शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: कुठे नुक्तावाला ऱ, हलन्त, य; कुठे साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण तुलना केली की फॉल्स, म्हणजे जुळत नाहीत. नॉर्मलाइझ 'एनएफसी' (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याची पद्धत) केल्याने र आणि सुटा नुक्ता जोडून एक ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेवाल्या रूपाला ते हातही लावत नाही. म्हणून एनएफसीनंतर 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालते आणि ते वेगळ्या शोध-कॉलममध्ये ठेवते. शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दावरही हाच फंक्शन चालवायचा. नोटिशीचा मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो.