सॅक्रॅमेंटो स्ट्रीटचा उतार: 1906 आणि आज

छायाचित्रकार आर्नल्ड गेन्थचा सॅक्रॅमेंटो स्ट्रीटचा तो फोटो मी अनेक वर्षं संगणकावरच पाहत होते. 18 एप्रिल 1906. पहाटे 5 वाजून 12 मिनिटांनी भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को हादरलं, त्यानंतर काही तासांतलं हे दृश्य. उजवीकडच्या घराची दर्शनी भिंत रस्त्यावर कोसळली आहे, आतल्या खोल्या उघड्या पडल्या आहेत. घरातली माणसं रस्त्यातच खुर्च्या टाकून बसली आहेत, आणि उताराच्या तळाशी धुराचे लोट. गेन्थचे स्वतःचे कॅमेरे भूकंपात निकामी झाले होते. ओळखीच्या दुकानदाराने हवा तो कॅमेरा घेऊन जायला सांगितलं, म्हणून हा फोटो आज आपल्यासमोर आहे.

तो जिथे उभा होता तिथे मला उभं राहायचं होतं. मावसभाऊ सॅन होजेला राहतो, त्याला घेऊन सकाळीच सॅक्रॅमेंटो स्ट्रीट गाठला. पॉवेल स्ट्रीटच्या वरच्या अंगाला ती जागा आहे. हातात फोटोची मोठी छापील प्रत होती, पण जुळवायचं कशाशी? फोटोतली एकही इमारत उरलेली नाही. आग तीन दिवस धुमसत होती, सुमारे 28,000 इमारती गेल्या. पाण्याचे नळ जमिनीखाली फुटले होते, आणि आग अडवायला लावलेल्या सुरुंगांनी काही ठिकाणी नव्याच आगी लागल्या. आपण ज्याला भूकंपाचा विध्वंस म्हणतो, त्यातला मोठा वाटा या आगीचा आहे.

शेवटी उपयोगी पडला तो उतारच. इथल्या टेकड्यांवर प्रत्येक चौकात रस्ता जरासा सपाट होतो आणि पुन्हा खाली घसरतो. फोटोतही ते टप्पे स्पष्ट दिसतात. दोन टप्प्यांमधलं अंतर प्रतीवर बोटाने मोजायचं, कॅमेऱ्यात पाहायचं, दोन पावलं मागे सरकायचं, पुन्हा पाहायचं. ट्रॉलीबसच्या तारा चौकटीत येतातच, त्याला इलाज नाही. वाहनं थांबली की मी रस्त्यात उतरायची आणि भाऊ ओरडायचा, "ताई, सिग्नल सुटला, इकडे ये!" टप्पे जुळले तेव्हा जिथे धूर होता तिथे टोलेजंग कचेऱ्या उभ्या होत्या. खुर्च्यांच्या जागी ओळीने मोटारी. माझ्या अंगावर काटा आला.

वरच्या कॅलिफोर्निया स्ट्रीटवर नेमकं उलटं घडलं. टाउन नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याच्या हवेलीचे फक्त प्रवेशद्वाराचे संगमरवरी खांब आगीतून वाचले. वाडा पडावा आणि देवडी तेवढी उभी राहावी, तसे. गेन्थने त्या खांबांमधून दूरवरचा उद्ध्वस्त सिटी हॉल टिपला. 1909 मध्ये ते गोल्डन गेट पार्कमधल्या लॉइड तलावाकाठी नेऊन उभारले. तिथे खांब तेच, पण त्यांच्या मधून दिसतात ती झाडं. हा फोटो आता कुठूनच जुळणार नाही. खांब जागेवरच राहायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी उतरून चायनाटाउनमध्ये गेलो. पॅगोड्यासारखी वळणदार छपरं पाहून प्रवासी समजतात, हे फार पुरातन असणार. गेन्थने भूकंपाआधी याच गल्ल्यांचे फोटो काढले होते, त्यांत अशी छपरं दिसत नाहीत. साध्या विटांच्या इमारती आहेत. आगीनंतर चिनी वस्ती शहराच्या कडेला हलवण्याचा घाट घातला गेला. व्यापारी हटले नाहीत. त्यांनी त्याच जागी पुन्हा बांधलं, आणि मुद्दाम डोळ्यांत भरेल असं बांधलं. मृतांच्या सुरुवातीच्या अधिकृत आकड्यात या वस्तीतली माणसं जवळजवळ नव्हतीच. तो आकडा पाचशेच्याही आत होता. ग्लॅडिस हॅन्सन या ग्रंथपाल बाईंनी पुढे चिकाटीने नावं गोळा केली, आणि आज मृतांची संख्या 3,000 किंवा त्याहून जास्त मानली जाते. सॅक्रॅमेंटो स्ट्रीटच्या फोटोतला उतार याच वस्तीकडे जातो. आता तो पाहताना माझी नजर खुर्च्यांवरून थेट खालच्या धुराकडे जाते.

तुम्ही जाणार असाल तर गेन्थचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत मोठी छापून घ्या. चर्च स्ट्रीट आणि 20व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा सोनेरी रंगाचा अग्निशमन नळही चुकवू नका. बाकीचे कोरडे पडले तेव्हा त्याला पाणी होतं, त्यामुळे मिशन भागातली बरीच घरं वाचली. दर 18 एप्रिलला पहाटे लोक जमून त्याला नव्याने रंग देतात.