तीनशे फुटांचं घर, तीन मीटरची फट

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, मग 269चं झालं, आता 300चं आहे. भांडणं याच आकड्यावरून होतात. घर अंधारं आणि कोंदट होतं ते मात्र बहुतेकदा दोन इमारतींमधल्या अंतरामुळे.

300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली वापरायची जागा, 27.88 चौरस मीटर भरते. त्यात 3 बाय 3.6 मीटरची बाहेरची खोली, 2.7 बाय 3ची आतली, 1.8 बाय 2.4चं स्वयंपाकघर, 1.2 बाय 1.5ची मोरी आणि 1.2 बाय 0.9चा संडास बसतो. ये-जा करायला पावणेदोन चौरस मीटर उरतात. पाच माणसांना तंगच, पण राहण्याजोगं.

आता खिडकीत उभे राहा. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत समोरची इमारत जेमतेम 3 मीटरवर आहे. समोर 24 मीटरची भिंत धरली, तर तळमजल्यावर दीड मीटर उंचीवरून आकाशाचा फक्त 8 अंशांचा पट्टा दिसतो. अंतर 6 मीटर केलं की 15 अंश, 9 केलं की 22. खिडकी वाढवून हा हिशोब बदलत नाही. वरून त्या फटीत कचरा पडतो, म्हणून खालचे लोक आहे तीही खिडकी लावून घेतात. बिल्डर बाजारात विकतो त्या टॉवरला ऐसपैस जागा ठेवून पुनर्वसनाच्या इमारती कोपऱ्यात दाटायच्या, हा नकाशावरचा निर्णय असतो. त्याला नाइलाज म्हणू नये.

दुसरी गोची डक्टची, म्हणजे पाइप उतरवायच्या उभ्या पोकळीची. शेजारच्या दोन घरांच्या मोऱ्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे एकाच डक्टमध्ये पाइप उतरतात. पण डक्ट अर्ध्या मीटरचा ठेवला तर प्लंबर आत शिरणार कसा? फुटलेला पाइप तसाच गळत राहतो, भिंतीला ओल धरते, सळ्या गंजून प्लास्टर फुगतं. किमान 1.2 मीटर रुंदी, दर मजल्यावर आत जायला दार आणि तळाला निचऱ्याची जाळी हवीच. मोरीचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरायची पद्धत आहे. वॉटरप्रूफिंग निकामी झालं की तो भराव पाणी धरून ठेवतो. टाइल बसवण्याआधी मोरीत 48 तास पाणी साठवून खालच्या घराचं छत तपासा.

लिफ्टबद्दल थोडक्यात: घर फुकट मिळालं तरी लिफ्टचं आणि पंपाचं बिल दरमहा येतं. सात मजल्यांपर्यंत थांबता येत असेल तर थांबावं, आणि जिना बाहेरच्या भिंतीला, उजेडात ठेवावा. लिफ्ट बंद पडली की तोच वापरायचा असतो.