सूर संपवतेस कुठे?

सकाळी दहाला बेस गिटारवर चार मिनिटांचं एकटीचं वादन, दुपारी दोनला एका गाण्याला साथ. संगीतकार एकच, स्टुडिओ एकच, मानधनही सारखंच. मी मनाशी हिशोब मांडला होता की सकाळचं काम अवघड, त्यात जीव ओतायचा. दुपारचं म्हणजे चार सुरांचं गाणं, अर्ध्या तासात उरकायचं आणि घरी. पंधरा वर्षं बेस वाजवून मी असा हिशोब मांडला, याची आता लाज वाटते.

सकाळचा तुकडा एका नृत्यप्रयोगासाठी होता. सोबत दुसरं वाद्य नाही, ठेकाही नाही. दोन महिने मी तेवढंच घेऊन बसले होते. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो आणि एवढ्या खाली दोन सूर जवळजवळ वाजवले की नुसता चिखल होतो. म्हणून तळाला एकच सूर धरायचा आणि उरलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, वर, बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे बांधायचा. डाव्या हाताचा पार पिळा पडतो. शिवाय हार्मोनिक्स नावाचे उंच सूर. त्यात तार दाबायची नाही, बोट फक्त टेकवायचं. बाराव्या, सातव्या, पाचव्या फ्रेटवर ते सहज निघतात. चौथ्याच्या किंचित अलीकडचा मात्र रोज नव्याने शोधावा लागतो. बेसवादक जॅको पास्टोरियसने 1976 साली पहिल्या अल्बममध्ये अशा हार्मोनिक्सवर तोललेली एक अख्खी रचना एकट्या बेसवर वाजवून ठेवली आणि पुढच्या सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. लिओ फेंडरने 1951 मध्ये हे वाद्य आणलं ते डबल बेसचं धूड वाहणाऱ्याची सुटका व्हावी आणि बँडच्या गोंगाटात त्याचा सूर ऐकू यावा म्हणून. त्यावर कुणी एकट्याने मैफल करेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नसावं.

सव्वा वाजता मनासारखा टेक मिळाला. काचेपलीकडे टाळ्या पडल्या. मी जेवायला गेले ती जरा हवेतच.

दुपारच्या गाण्याची लय मिनिटाला 92 मात्रांची होती. ड्रमर, कीबोर्ड, मी आणि गायक, सगळे एकत्र वाजवणार. पहिला टेक झाला आणि कुणीच काही बोललं नाही. हे वाईट लक्षण. सूर बरोबर होते, माझा प्रत्येक सूर किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर, पडत होता, तरी गाणं पाय ओढत चाललं होतं. दुसरा टेक तसाच. तिसरा त्याहून जड. ड्रमर स्वतःलाच दोष देऊ लागला. तेव्हा रेकॉर्डिस्टकाका आत आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “अगं, सूर सुरू छान करतेस. संपवतेस कुठे?”

मला उत्तर देता येईना.

सकाळभर मी सूर रेंगाळू दिले होते. एकटीने वाजवताना ते करावंच लागतं, कारण सूर सोडला की खाली कुणी नसतं, नुसती पोकळी. दुपारी हात तेच करत राहिले. 92 च्या लयीत एक मात्रा साधारण 0.65 सेकंदाची. माझा सूर किकवर सुरू होऊन स्नेअरच्या, म्हणजे काडीने वाजणाऱ्या कडक ड्रमच्या, अंगावर सांडत होता आणि स्नेअरची सगळी धार खाऊन टाकत होता. तो स्नेअर पडायच्या क्षणी थांबायला हवा होता. म्हणायला सोपं आहे. तार छेडणं एका हाताचं काम, ती वेळेवर गप्प करणं दोन्ही हातांचं, आणि त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांना गप्प बसायचंच नव्हतं. काकांनी शेवटी स्पंजचा तुकडा आणून ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांखाली सारला. जुन्या काळचा बेसवादक जेम्स जेमरसनही अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये तसंच करायचा. तारा जुन्यापान्या, त्याखाली फोम, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. ते मला केव्हापासून माहीत होतं. पण हे त्याच्या कंजूषपणाचे किस्से आहेत, अशीच माझी समजूत.

स्पंजने अर्धं काम केलं. उरलेल्या अर्ध्याला दीड तास लागला.

मग गाणं चालू लागलं, आणि चालू लागल्यावर मला पुन्हा खुमखुमी आली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी गायक एक लांब सूर धरतो. तिथे मी वर जाऊन चौदाव्या फ्रेटवरून एक छोटीशी जागा घेतली. सुंदर होती, अजूनही तसंच वाटतं. गायक गाता गाता थांबला. “ताई, पायाखालची जमीन काढून घेतलीत माझी.”

झालं होतं ते असं. कीबोर्डवर सी-ई-जी हे तीन सूर वाजत होते आणि खालून माझा ए. दोन्ही मिळून ए मायनर सेव्हन हा कॉर्ड, जरासा उदास. मी ए सोडून वर पळाले तेव्हा मागे उरला सी मेजर, चांगला हसतमुख. कीबोर्डवाल्याने एक बोटही हलवलं नव्हतं. बिचारा गायक त्या हसऱ्या कॉर्डवर आपला ए धरून लोंबकळत राहिला. चार जणांच्या वाजवण्याचा अर्थ मी एका उडीत बदलला होता, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं की गायकच चुकला.

मी खाली आले. ए धरला आणि वेळेवर सोडला. साडेआठला गाणं संपलं.

सामान आवरताना काकांना म्हटलं, सकाळचं एकदा लावा. ऐकवेना. अवघड जागा आली की मी थबकत होते, सोपी आली की धावत सुटत होते; लय अशी कुठे नव्हतीच. काकांनी न विचारता माइक पुन्हा लावला. निम्म्याहून जास्त सूर गाळून, तळाचे तेवढे जपून, प्रत्येक सूर कुठे थांबतोय ते ऐकत मी एक टेक दिला. दुसरा घ्यावासाच वाटला नाही.

संगीतकाराने दोन्ही ऐकले आणि सकाळचा ठेवला. “रात्रीचा छान आहे, पण तो साथीसारखा वाटतो. वर कुणीतरी गायला हवं असं वाटत राहतं.” मी वाद घातला नाही. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

पुढे प्रयोग पाहायला गेले. दुसऱ्या मिनिटाला, त्या चौथ्या फ्रेटच्या अलीकडच्या हार्मोनिकआधी मी जिथे थबकले होते, नेमकी तिथे सहाही नर्तकींनी मान वळवून श्वास रोखला. थबकणं त्यांनी मोजून बसवलं होतं. आता प्रत्यक्ष वाजवायचं आमंत्रण आलंय आणि मी रोज सकाळी बरोबर तेवढंच अडखळायची तालीम करते आहे.