आमची वाटचाल : चार बटणं आणि एक हंगाम

सातपूरच्या आमच्या फर्मचं पहिलं मोठं काम म्हणजे लासलगावच्या एका कांदा आडतदारांचा हिशोबपट्टीचा फॉर्म. ऍक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली पहिली, मागची, पुढची, शेवटची अशी आमची चार बटणं.

एका स्पर्धकाने तोच फॉर्म उचलून निम्म्या दरात विकला. बटणं घेतली, त्यांच्यामागची तपासणी टाकून दिली. शेवटच्या पट्टीवर मूव्हनेक्स्ट (पुढच्या नोंदीवर नेणारी आज्ञा) दिलं की ईओएफ (नोंदी संपल्याची खूण) खरा होतो. तिथे फील्ड (नोंदीतला रकाना) वाचायला गेलं की एरर ३०२१, म्हणजे समोर नोंदच नाही. खरं तर मूव्हनेक्स्टनंतर लगेच ईओएफ पाहायचा, खरा निघाला तर मूव्हलास्ट (शेवटच्या नोंदीवर नेणारी आज्ञा) द्यायचं, एवढंच काम. टेबल रिकामं असेल तर बीओएफ (पहिल्या नोंदीच्याही आधी असल्याची खूण) आणि ईओएफ दोन्ही खरे असतात आणि मूव्हलास्टही अडकतं, म्हणून ती तपासणी सर्वांत आधी. ऐन लिलावात ती नक्कल बंद पडू लागली आणि बोभाटा आमच्या नावाने झाला, कारण स्क्रीन हुबेहूब आमचीच होती. देखभालीचे करार एकामागून एक थांबले, पगार उसनवारीवर झाले. आमच्या कामात खोट नव्हती, हे आजही ठासून सांगतो.

लासलगावचे शेठ तेवढे हलले नाहीत. त्यांची पट्टी कधी हरवली नव्हती. गाडी नंबर टाकला की शोध रेकॉर्डसेटक्लोनवर (फॉर्ममागच्या नोंदींची वेगळी फिरणारी प्रत), फाइंडफर्स्टने (अटीत बसणारी पहिली नोंद शोधणारी आज्ञा). नोमॅच (काहीच न सापडल्याची खूण) खोटा असेल तरच बुकमार्क (सापडलेल्या नोंदीच्या जागेची खूण) फॉर्मला द्यायचा. गाडी सापडली नाही तर समोरची पट्टी जागची हलत नाही. पुढे सरकण्याआधी डर्टी (सेव्ह न झालेला बदल असल्याची खूण) पाहून नोंद सेव्ह. रिक्वेरीने (नोंदी नव्याने आणण्याने) जुने बुकमार्क निकामी होतात आणि फॉर्म पहिल्या नोंदीवर जातो. म्हणून पट्टी नंबर आधी व्हेरिएबलमध्ये (कोडमधल्या तात्पुरत्या साठ्यात), मग पुन्हा शोध. एकूण पट्ट्या दाखवायच्या तर क्लोनवर आधी मूव्हलास्ट, नाहीतर रेकॉर्डकाउंट (नोंदींची संख्या) तोवर वाचलेल्या नोंदींचाच येतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी ऑटोनंबरला (ऍक्सेस आपोआप देतो तो आकडा) पट्टी नंबर करू नये. अर्धवट सोडलेली नोंदही आकडा खाते, आणि मधला नंबर गायब दिसला की शेतकरी जाब विचारतो. पुढे ऍक्सेस फाइलची २ जीबीची मर्यादा जवळ आली तेव्हा आम्ही टेबलं सर्व्हरवर नेली. अशा लिंक केलेल्या (दुसरीकडे ठेवून ऍक्सेसला जोडलेल्या) टेबलावर सीक (इंडेक्सवरून थेट शोधणारी आज्ञा) चालत नाही. आमचा शोध पहिल्यापासून फाइंडफर्स्टवर होता, त्यामुळे बटणांचा कोड तसाच राहिला.